फाईल पोहोचते, मजकूर पोहोचत नाही

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरिता देवीच्या मंदिरामुळे पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक आहे. शिवार कापसाचे आणि उसाचे. बाजारहाटाला गेवराई आणि मोठ्या कामाला बीड, अशी या भागाची जुनी रीत. मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत या रीतीत मोठा फरक पडला. कापसाचा भाव, खताची पावती, पीक विम्याची यादी, शाळेची सूचना, बँकेचा संदेश, इतकेच काय लग्नपत्रिकासुद्धा आता हातातील फोनवर येते. अर्ज करायचा तर ई-सेवा केंद्र, आणि केंद्रात जायचे नसेल तर पुन्हा फोनच. खेड्यातील व्यवहार असा फोनच्या पडद्यावर येऊन बसला, त्याचे कौतुक सर्वत्र होते व ते योग्यच आहे.

परंतु ज्याला पडदा दिसतच नाही, ज्याला ऐकू येत नाही किंवा ज्याची बोटे त्या लहानशा बटणावर नेमकी पडत नाहीत, त्याने काय करावे, हे बाजारपेठेत फारसे कोणी विचारत नाही. आम्ही ते या आठवड्यात विचारायचे ठरविले आहे. विषय दयेचा नाही, धंद्याचा आहे. ज्या टेबलावर या प्रश्नाचा निकाल लागतो ते टेबल मुंबई-दिल्लीत जितके आहे तितकेच ते तलवाड्यासारख्या गावातील टायपिंग, झेरॉक्स आणि ई-सेवेच्या दुकानात आहे.

आधी आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, त्यापैकी महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. देशभरात दृष्टिदोष असणारे ५० लाखांवर, ऐकण्याचा दोष असणारेही ५० लाखांवर, आणि हालचालीची अडचण असणारे ५४ लाखांच्या घरात. पुढे २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यामुळे ही संख्या आज त्याहून मोठी धरावी लागेल. शिवाय मोतीबिंदूने नजर अंधुक झालेले वृद्ध कोणत्याच यादीत स्वतःला धरत नाहीत. हे सर्व लोक बियाणे घेतात, रिचार्ज मारतात, मुलांची फी भरतात. दुकानदाराच्या भाषेत सांगायचे तर ही गिऱ्हाइके आहेत.

समजा, तलवाड्यात एक अंध तरुण आहे आणि त्याच्याकडे साधा अँड्रॉइड फोन आहे. त्या फोनमध्ये 'टॉकबॅक' नावाची सोय आधीपासूनच असते, तिला वेगळे पैसे पडत नाहीत. ती सुरू केली की बोट जिथे टेकेल तिथले अक्षर फोन बोलून दाखवतो. मराठी आवाज उपलब्ध आहे. संगणकावर हेच काम 'एनव्हीडीए' हा प्रोग्राम करतो. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने तो लिहायला घेतला, कारण बाजारात मिळणारे असे प्रोग्राम फार महाग होते. आज तो जगभर फुकट मिळतो व मराठीही वाचतो. म्हणजे यंत्र आहे, आवाज आहे, भाषाही आहे. तरीही आमच्या तरुणाच्या फोनवर आलेली फाईल गप्प बसते. का?

'कापूस' या शब्दाचे काय होते

मराठी टायपिंगच्या धंद्यातील मंडळींना कृतीदेव, श्री-लिपी, शिवाजी हे फॉन्ट नव्याने सांगायला नकोत. १९९० च्या दशकात मराठी छपाई संगणकावर आली ती अशाच फॉन्टच्या बळावर, आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्या वेळी एक तडजोड केली गेली होती. संगणकाला इंग्रजी अक्षरेच कळत असल्याने, आत इंग्रजी अक्षर ठेवायचे आणि वरून त्याला मराठीचा मुखवटा चढवायचा, अशी ती युक्ती होती.

उदाहरण घ्या. कृतीदेवमध्ये 'कापूस' टाईप केला की पडद्यावर कापूस दिसतो, कागदावर कापूस छापला जातो. पण फाईलच्या पोटात असते ते 'डी, के, आय, डब्ल्यू, एल'. डोळस माणसाला मुखवटा दिसतो, म्हणून त्याचे काही अडत नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम, मुखवटा पाहत नाही. तो पोटात जे आहे तेच वाचतो. परिणामी अंध माणसाला कापसाच्या करारनाम्याऐवजी इंग्रजी अक्षरांची बडबड ऐकू येते. 'काम' या शब्दाचे 'डी-के-ई' होते. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा, त्यामुळे एका फॉन्टची फाईल दुसऱ्यात उघडली तर डोळस माणसालाही ती वाचता येत नाही, हा अनुभव आपल्या व्यावसायिक बंधूंना आहेच. उर्दूत इनपेजच्या जुन्या फाईलींची गत वेगळी नाही. १९९४ साली आलेल्या या प्रोग्रामने नस्तालिक छपाईची सोय केली, पण त्याची फाईल त्याच्याबाहेर उर्दू म्हणून ओळखली जात नसे.

यावरचा उपाय जुना आहे. युनिकोड या पद्धतीत प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून तिच्यात देवनागरी आहे, आणि विंडोज २००० पासून 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट संगणकासोबतच येऊ लागला. युनिकोडमधला 'कापूस' पोटातही कापूसच असतो. तो फोनवर बोलतो, शोधला तर सापडतो, व्हॉट्सॲपवर पाठवला तर तसाच राहतो. श्री-लिपी आणि इनपेजच्या नव्या आवृत्त्यांतही आता युनिकोडची सोय आहे. असे असताना जुनी सवय म्हणून, किंवा टायपिंगचा वेग जाईल या भीतीने, आजही अनेक दुकानांत कृतीदेवच चालतो. वेगाची भीती आम्हास समजते, पोटाचा प्रश्न आहे. तथापि जुन्या रेमिंग्टन कळफलकावरूनच युनिकोड टाईप करून देणारी साधने आता मिळतात. बोटांना नवे शिकावे लागत नाही.

दुसरी अडचण डिझाईनवाल्यांची. छापखान्यात पाठवण्यापूर्वी फॉन्ट बिघडू नये म्हणून कोरलड्रॉमध्ये अक्षरांचे 'कर्व्ह' करण्याची पद्धत आहे. छपाईसाठी ते बरोबरच आहे. पण कर्व्ह केल्यावर अक्षर उरत नाही, अक्षराचे चित्र उरते. तीच फाईल पुढे गावभर फिरली की अंध वाचकासाठी तो कोरा कागद ठरतो. छपाईसाठी एक आणि फोनवर पाठवण्यासाठी दुसरी अशा दोन फाईली द्याव्यात. दुसरीला दोन मिनिटे लागतात.

फोटो काढून पाठवण्याची सवय

फॉन्टपेक्षाही मोठा घोटाळा फोटोने केला आहे. आडतीवरचा भावफलक, ग्रामपंचायतीची नोटीस, पतसंस्थेचे पत्रक, शाळेचे वेळापत्रक, सारे काही फोटो काढून ग्रुपवर टाकले जाते. टॉकबॅक एवढेच म्हणतो : 'फोटो'. त्यात भाव वाढला की पडला, शेवटची तारीख आज की उद्या, काही कळत नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. त्या निधीची सूचनाच जर फोटोच्या रूपाने फिरली, तर ज्याच्यासाठी निधी आहे त्यालाच ती वाचता येणार नाही.

कोणी म्हणेल, आता फोनच फोटो वाचतो. खरे आहे. चित्रातील मराठी अक्षरे ओळखणारी साधने आली आहेत. डेन्मार्कमध्ये २०१५ साली सुरू झालेल्या 'बी माय आईज' या ॲपवर आधी स्वयंसेवक अंध व्यक्तीला कॅमेऱ्यातून पाहून सांगत, २०२३ पासून तेथे कृत्रिम बुद्धिमत्तेनेही चित्राचे वर्णन मिळते. पण हाताने लिहिलेला भावफलक, तिरका फोटो, सावली पडलेला कागद यांपुढे ही साधने अडखळतात. बातमीत एखादा शब्द चुकला तर चालते. भावात ३ चा ८ झाला तर क्विंटलमागे पाचशे रुपयांचा फरक पडतो. ज्या ठिकाणी आकड्यावर पैसे ठरतात तिथे यंत्राच्या अंदाजावर आम्ही विसंबणार नाही, आणि दुसऱ्यालाही विसंबायला सांगणार नाही. त्यापेक्षा फोटोखाली एक ओळ टाईप करणे सोपे. फोटो खुशाल पाठवा, पण भाव आणि तारीख खाली अक्षरांत लिहा. टाईप करण्याचा कंटाळा असेल तर बोला. ऑगस्ट २०१७ पासून गुगलच्या आवाजी टायपिंगमध्ये मराठी व उर्दू दोन्ही भाषा आहेत.

बहिऱ्या ग्राहकाचे याच्या नेमके उलटे असते. त्याला फोटो चालतो, पण आवाजी संदेश चालत नाही. पीक सल्ल्याचा व्हिडिओ लांबलचक असतो आणि खाली अक्षरे नसतात. म्हणून आवाजी संदेश पाठवणाऱ्यानेही ती एक ओळ टाईप केली, तर दोघांचे काम होते.

साउंडबॉक्स

काउंटरवर ठेवलेला, 'इतके रुपये मिळाले' असे मराठीतून सांगणारा डबा आता चहाच्या टपरीवरही दिसतो. भारतात २०१९ पासून तो पसरला. दुकानदाराला गर्दीत फोन पाहत बसावे लागू नये आणि खोटा स्क्रीनशॉट दाखवून कोणी फसवू नये, यासाठी तो बनविण्यात आला. पण अंध दुकानदाराला या डब्याने जे दिले ते मोठे आहे : पैसे आले की नाही यासाठी दुसऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून राहण्याची त्याची गरज संपली. नोटांसाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी 'मनी' हे ॲप काढले, ते कॅमेऱ्यासमोर धरलेल्या नोटेची किंमत सांगते. साध्या बटणाच्या फोनवाल्यांसाठी मार्च २०२२ मध्ये 'यूपीआय १२३पे' आले, त्यात फोन लावून आवाजावर पैसे देता येतात.

पैसे घेणे असे सोपे झाले, पैसे देणे मात्र अजून अवघड आहे. ॲप बनविणाऱ्याने बटणाला नावच दिले नसेल तर टॉकबॅक 'बटण, बटण, बटण' एवढेच म्हणत राहतो. कोणते बटण पैसे पाठवण्याचे आणि कोणते रद्द करण्याचे, ते समजत नाही. काही ठिकाणी वेडीवाकडी अक्षरे ओळखायला सांगतात आणि ती ऐकण्याची सोय नसते. ओटीपीची मुदत टॉकबॅकने वाचून संपेपर्यंत निघून जाते. मग अंध माणूस काय करतो? शेजारच्याला फोन देतो आणि पिन सांगतो. आमच्या मते या विषयातील सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे. ज्याचा पिन चार जणांना ठाऊक आहे त्याचे खाते त्याचे उरत नाही, आणि काही गडबड झाली तर 'पिन तूच सांगितलास ना' म्हणून हात झटकायला सगळे मोकळे.

बँकिंगमध्ये नियम झालेच नाहीत असे नाही. अंध व्यक्तीला चेकबुक, एटीएम, लॉकर या सुविधा नाकारू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना कळविले. बोलणारे पहिले एटीएम युनियन बँकेने २०१२ मध्ये अहमदाबाद येथे सुरू केले, आणि जुलै २०१४ पासून बसणारी सर्व नवी एटीएम बोलणारी व ब्रेल कळांची असावीत असा आदेश निघाला.

कायदा आणि न्यायालय

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. संगणक व फोनवरील मजकूर दिव्यांगांना वापरता यावा, ही जबाबदारी त्याच्या ४२ व्या कलमात शासनावर टाकली आहे, आणि ४६ व्या कलमाने खासगी सेवा देणाऱ्यांनाही नियमांच्या कक्षेत आणले आहे. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रत्यक्षात नियम केवळ सल्ल्यासारखे राहिले होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच बोट दाखविले आणि सक्तीचे नियम करण्यास केंद्राला सांगितले.

त्यानंतरचा ३० एप्रिल २०२५ चा निकाल सामान्य माणसाच्या अधिक जवळचा आहे. बँक खाते किंवा सिमकार्डासाठी फोनवर जी केवायसी होते, तीत 'डोळे मिचकावा' असे सांगतात. ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या व्यक्तीने ते कसे मिचकावावेत? प्रज्ञा प्रसून व इतरांनी हा प्रश्न न्यायालयात नेला. त्याच्यासोबतच एका अंध वकिलाची याचिकाही ऐकली गेली. न्यायालयाने निकाल दिला की डिजिटल सेवा मिळणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि डोळे मिचकावण्याला पर्याय देण्यासह २० निर्देश दिले. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीनेही ३१ जुलै २०२५ रोजी आपल्या अखत्यारीतील संस्थांना असेच बंधनकारक आदेश काढले.

तलवाड्यातील एखाद्या झेरॉक्सवाल्यावर उद्या खटला होईल असे आम्हास वाटत नाही. पण ज्या बँका, शाळा, पतसंस्था आणि कार्यालये त्याच्याकडून पत्रके टाईप करून घेतात, त्यांच्यामागे ही जबाबदारी लागली आहे. ती मंडळी हे काम कोणाकडून तरी करून घेणारच. मग ते गेवराईला किंवा बीडला का जावे?

दुकानात काय बदलावे लागेल

फार काही नाही. नवे मशीन नको. टायपिंग युनिकोडमध्ये करावे. मथळा नुसता मोठा व ठळक न करता वर्डमधील 'हेडिंग'ची सोय वापरावी, म्हणजे ऐकणाऱ्याला एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. नाहीतर वीस पानांचा मजकूर पहिल्या ओळीपासून ऐकत बसावे लागते. तक्त्यात खणांची जोडाजोड करू नये. पीडीएफ करताना छापून पुन्हा स्कॅन करू नये, वर्डमधून थेट 'सेव्ह' करावी. चित्र असेल तर त्याचे एका ओळीत वर्णन लिहावे. अंधुक नजरेच्या लोकांसाठी पिवळ्यावर पांढरी अक्षरे टाळावीत. जागतिक निकषात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक किमान साडेचारास एक असावा असे सांगितले आहे, पण आपल्यासाठी काळ्यावर पांढरे किंवा पांढऱ्यावर काळे एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

फाईल बोलेल की नाही याची एक गावठी परीक्षा आहे. तिच्यातील एक ओळ निवडावी, कॉपी करावी आणि व्हॉट्सॲपच्या रकान्यात पेस्ट करावी. मराठी उमटले तर फाईल बोलेल. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटला किंवा ओळ निवडताच आली नाही, तर ती मुकी आहे.

पैसे कुठे मिळतील? आमच्या अंदाजाने जुन्या फाईलींमध्ये. पतसंस्थांचे पोटनियम, शाळांच्या प्रश्नपत्रिका, ग्रामपंचायतींचे नमुने, मदरशांची व उर्दू शाळांची पत्रके वर्षानुवर्षे जुन्या फॉन्टमध्ये पडून आहेत. ती युनिकोडमध्ये आणणारे प्रोग्राम आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार चुकतात, माणसाने तपासावेच लागते. हे तपासणीचे काम खालच्या मजुरीचे नाही. टायपिंगइतकाच दर मागितला तर त्यात गैर काही नाही. अंध विद्यार्थ्याला त्याच्या अभ्यासासाठी पुस्तक टाईप करून देण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराईट कायद्यातच दिली आहे. मात्र अशा प्रती काढून नफ्याने विकायच्या असतील तर त्याला वेगळा परवाना लागतो, हे ध्यानात ठेवावे. पुस्तक आधीच झाले आहे का, हेही पाहावे. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाईन ग्रंथालयात देशभरातील संस्थांनी अशी पुस्तके ठेवली आहेत. ब्रेल वाचणाऱ्यांसाठी स्वागत थोरात यांचे 'स्पर्शज्ञान' हे मराठी पाक्षिक फेब्रुवारी २००८ मध्ये निघाले.

ई-सेवा केंद्रवाल्यांना एक विनंती. दिव्यांग प्रमाणपत्र जून २०२१ पासून यूडीआयडीच्या संकेतस्थळावरूनच मिळते, त्यामुळे अंध, बहिरे, हातापायाने अधू असे सर्वच तुमच्या टेबलाशी येणार. अर्ज भरून झाला की पावती कागदावर द्याच, पण अर्जाचा क्रमांक आणि पुढची तारीख त्याच्या फोनवर टाईप करून पाठवा. बीडच्या जिल्हा रुग्णालयात तपासणीला कधी जायचे हे त्याला कागद दुसऱ्याकडून वाचून न घेता कळेल, आणि एसटीचे भाडे फुकट जाणार नाही. बहिरा ग्राहक आला तर समोर कोरी वही ठेवा. पासवर्ड मात्र त्याचा त्यालाच टाकू द्या, वेळ लागला तरी. दिव्यांग तरुणाला स्वतःचेच केंद्र काढायचे असेल तर महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळाच्या कर्ज योजनांची चौकशी करावी.

ज्यांना आपली फाईल स्वतः ऐकून पाहायची असेल त्यांनी फोनच्या सेटिंगमधील 'ॲक्सेसिबिलिटी'त जाऊन टॉकबॅक सुरू करावा. तेथेच दोन्ही आवाजाची बटणे एकदम दाबून तो चालू-बंद करण्याची सोय आहे, ती आधी लावून घ्यावी. टॉकबॅक सुरू असताना एका टिचकीने फक्त नाव वाचले जाते आणि बटण दाबण्यासाठी दोन टिचक्या लागतात. हे ठाऊक नसल्याने पुष्कळ जण पहिल्याच मिनिटाला अडकतात आणि फोन बिघडला असे समजतात. घाबरू नये, तीच दोन बटणे तीन सेकंद दाबून धरावीत.